डाग कुणी घालवला?

१

वहिनी दिवाणखान्यात दोन स्वेटर घेऊन उभी होती, एक हिरवा आणि एक राखाडी. सकाळची वेळ, खोलीत अजून दुसरं कुणी नाही. खिडक्यांचे पडदे ओढलेले, दाराला आतून कडी. तिनं हिरवा अंगाला लावून पाहिला, आणि टेबलावरचा फोन थरथरला.

‘हिरवा नको. त्यात तू आजारी दिसतेस.’

नंबर अनोळखी होता. तिनं आधी पडद्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. पडद्याला कुठे फट नव्हती. मग ती होती तिथेच खाली बसली. तिथूनच तिनं मला फोन लावला.

“वन्सं,” ती म्हणाली, “तो मला बघतोय.”

‘तो’ कोण, हे मला विचारावं लागलं नाही. तो माझा सख्खा भाऊ.

त्यानं वहिनीचा हात दोनदा मोडला होता. दुसऱ्यांदा तिला दवाखान्यात मीच नेलं आणि तिथून परत त्याच्या घरी जाऊ दिलं नाही. तेव्हापासून ती माहेरी राहत होती. त्यानं तिच्या आसपास फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. येत्या सोमवारी तिची साक्ष होती, आणि गेला आठवडाभर हे मेसेज येत होते. ‘केस कापलेस ते चांगलं नाही केलंस.’ ‘रात्री पाणी प्यायला उठतेस, झोप लागत नाही का?’ ‘सोमवारी जाऊ नकोस.’

पोलिसांतल्या इन्स्पेक्टरबाई दोनदा येऊन गेल्या होत्या. त्यांनी वहिनीला नवा फोन घ्यायला लावला, दिवे उतरवून पाहिले, प्लगचे डबे उघडले, दोन दिवस घरातलं इंटरनेटही बंद ठेवलं. काही सापडलं नाही. आणि त्या दोन दिवसांतही मेसेज येतच राहिले.

“मी येते,” मी म्हटलं. “कुणाला काही बोलू नकोस.”

“बोलून काय करू? घरात कोणाशी बोलायचं, तेच कळेनासं झालंय.”

२

दार दादानं उघडलं. दादा म्हणजे वहिनीचा मोठा भाऊ, उंचापुरा आणि मनातलं चेहऱ्यावर दाखवणारा माणूस. त्यानं मला आत घेतलं खरं, पण बाजूला व्हायला जरा वेळ लावला.

“स्पष्ट बोलतो, राग मानू नका,” तो म्हणाला. “भाऊ तुमचा. स्क्रीन, कॅमेरे ही विद्याही तुमचीच. आम्ही तुम्हाला आत घ्यायचं ते कशाच्या भरवशावर?”

“नका घेऊ भरवसा,” मी म्हटलं. “बसू तरी द्या.”

दिवाणखाना लांबट होता. मधल्या भिंतीवर मोठी सपाट स्क्रीन, तिच्यावर घरच्यांचे फोटो एकामागून एक सरकत होते. समोर चाकांच्या खुर्चीत नाना, वहिनीचे वडील. वर्षापूर्वी त्यांची डावी बाजू गेली होती. दिवसभर ते त्या खुर्चीत बसून फोटो बघत. त्यांना धसका नको म्हणून मेसेजबद्दल कुणी त्यांच्याजवळ बोललेलं नव्हतं; पोलीस आले तेव्हाही वायरिंग तपासतायत एवढंच सांगितलं होतं. मला बघून त्यांनी चांगला हात उचलला.

“ये गं पोरी. बारीक झालीस.”

घरात आणखी दोन माणसांची ये-जा होती. एक दादाची बायको. ती शाळेत शिकवायची म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. दुसरा नानांचे हातपाय हलवून घ्यायला रोज येणारा, तो ‘व्यायामवाला’. बुटक्या स्टुलावर बसून तो नानांचा पाय मांडीवर घेऊन चोळत होता.

मी बसते न बसते तोच वहिनीचा फोन थरथरला. तिनं मेसेज वाचला आणि फोन माझ्या हातात दिला.

‘वन्सं आल्या वाटतं. त्यांना सांग, नवा चष्मा शोभत नाही.’

चष्मा मी आदल्या दिवशी घेतला होता. माझ्या भावाला मी वर्षभरात तोंड दाखवलं नव्हतं. मी चष्म्याला हात लावणार होते, तो तसाच मांडीवर दाबून धरला. ते हात उचलणंसुद्धा त्याला दिसलं असतं.

३

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. वहिनी मागोमाग आली.

“नळ कशाला?”

“सवय. खरं तर गरज नाही.” मी सगळे मेसेज पुन्हा वाचले. “हे बघ. केस, स्वेटर, चष्मा. सगळं बघितलेलं आहे, ऐकलेलं एक अक्षर नाही. परवा दादा कुलूप बदलायचं म्हणून घर डोक्यावर घेत होता म्हणालीस ना? त्यावर मेसेज आला?”

“नाही.”

“म्हणजे त्याला दिसतं, ऐकू येत नाही. आणि दिसतं ते फक्त दिवाणखान्यातलं. पाणी प्यायलाही तू तिथूनच जातेस.”

“पण तिथे सगळं उलटंपालटं करून बघितलं गं!”

“स्क्रीन बघितली?”

“तिला कॅमेरा नाही. खोक्यावर तसं छापलंय. मुद्दाम तशीच घेतली.”

मी स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते, ते इथे सांगायला हवं. हल्ली कॅमेरा स्क्रीनच्या काचेखाली बसवतात. वरून भोक दिसत नाही. पण काचेतून उजेड आत जायला हवा, म्हणून तेवढ्या जागी प्रकाशाचे ठिपके विरळ ठेवावे लागतात. ठिपके विरळ, म्हणजे तिथे अंधूक डाग. तो दिसू नये म्हणून उरलेल्या ठिपक्यांना जास्त वीज द्यायची. किती जास्त दिली म्हणजे सगळी स्क्रीन सारखी उजळ दिसेल, हे ठरवणं माझ्या खात्याचं काम. आयुष्याची बारा वर्षं मी डाग लपवण्यात घालवली होती. आता मला एक शोधायचा होता, तोही कुणी बघत असताना.

फोटो बदलत असले की डाग सापडत नाही. मी बाहेर जाऊन नानांना म्हटलं, “वहिनीचा लहानपणचा समुद्रावरचा फोटो आहे ना, तो लावा की जरा.” त्या फोटोत वहिनी कोपऱ्यात होती आणि बाकी नुसतं पांढरं आभाळ. नानांनी उजव्या हातानं फोनवर बोट फिरवून तो लावला.

मी उभी होते. वरच्या कडेला, मधोमध, बांगडीएवढी जागा किंचित मंद होती. मी वहिनीच्या बालपणाबद्दल काहीतरी बोलत राहिले, हसलेही. मग बाजूच्या बैठ्या खुर्चीत बसले. मंदपणा नाहीसा झाला. उजेड अगदी बरोबरीचा. उरली ती फक्त एक पिवळट झाक.

भाऊ त्या बांगडीतून माझ्याकडे बघत होता, आणि मी आभाळ बघितल्यासारखा चेहरा करून त्याच्याकडे.

४

“सापडला,” मी स्वयंपाकघरात म्हटलं.

वहिनी लगेच बाहेर निघाली. “मी ती फोडते.”

“थांब. फोडलीस तर तो सावध होईल, आणि घरातलं माणूस सुटेल.”

“घरातलं?”

मला ते सांगावंसं वाटत नव्हतं. पण तिला आता अर्धवट सांगून चालणार नव्हतं.

“ते विरळ ठिपके जास्त राबतात, म्हणून लवकर थकतात. त्यातले निळे सगळ्यात आधी. म्हणून तिथे पिवळट झाक आलीय. ही स्क्रीन वर्षभर सकाळ-संध्याकाळ चालू आहे. एव्हाना तिथे चांगला काळपट डाग पडायला हवा होता. पडला नाही. म्हणजे कुणीतरी अधूनमधून वीज वाढवून उजेड बरोबरीला आणतंय.”

“तो लांबून करत असेल.”

“किती वाढवली म्हणजे डाग जातो, हे समोर बसलेल्या डोळ्यालाच कळतं. कॅमेऱ्याला स्वतःचा डाग दिसत नाही. आणि हा डाग बसल्यावरच जातो, उभ्यानं नाही. कुणीतरी त्याच्यासाठी इथे बसून डाग घालवतंय, वहिनी.”

तिनं ओट्याची कड घट्ट धरली. या घरात ती झोपत होती, जेवत होती.

मी इन्स्पेक्टरबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या लगेच निघते म्हणाल्या. दरम्यान मी एकेकाला गाठलं. मास्तरीणबाई शाळेला जायच्या घाईत होत्या.

“खोटं कशाला बोलू,” त्या म्हणाल्या. “आमच्या वन्सं माहेरी येऊन बसल्या याचा मला जाच होतोच. स्वतःच्या घरात पडदे लावून बसायचं म्हणजे काय? पण त्या माणसाला मी माझ्यावरसुद्धा डोळा ठेवू देईन होय? मी त्याच हॉलमध्ये केस विंचरते.”

“स्क्रीन कुणी आणली?”

“व्यायामवाल्यानं सुचवली. पेशंटचं मन रमतं म्हणे. दुकान नानांनी सांगितलं, पैसे यांनी दिले. तिघांचा हात लागला, आता कुणाचं नाव घेता?”

मी त्यांना बैठ्या खुर्चीत क्षणभर बसवलं. “हा फोटो तिथे वर पिवळा पडलाय का?” त्यांनीच विचारलं, आणि पर्स उचलून त्या निघाल्या. दादा त्यांना सोडायला गेला. जाता जाता माझ्याकडे असं बघून गेला, जणू परत येईपर्यंत मी घर गिळेन.

राहिला व्यायामवाला. त्याच्या बुटक्या स्टुलावरून डोळे बरोबर त्या उंचीवर येत होते. स्क्रीन सुचवणाराही तोच. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, “फोटो छान आलाय ना?”

त्यानं मान वर केली. “छान आहे. पण तुमच्या स्क्रीनला काहीतरी झालंय. हे बघा, इथे.” आणि मी अडवायच्या आत तो उठला आणि त्यानं थेट त्या बांगडीवर बोट ठेवलं. “इथे पिवळट दिसतंय. आठवडाभर सांगीन सांगीन म्हणतोय.”

“कुठंय?” नाना म्हणाले. “स्वच्छ तर आहे.”

वहिनीचा फोन थरथरला.

‘व्यायामवाल्याला घरी पाठवा. आता मीच येतो.’

५

व्यायामवाला गेला. दाराला कडी, वर साखळी. घरात आम्ही तिघं उरलो. वहिनीला मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नको म्हणून बजावलं. दाराशी जायचं तर दिवाणखान्यातून, स्क्रीनसमोरूनच जावं लागत होतं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. टेबलावर चॉकलेटचा डबा होता. त्यातला पिवळा पारदर्शक कागद मी डोळ्यांसमोर धरला आणि नानांच्या खुर्चीशेजारी, त्यांच्या डोक्याइतकं खाली वाकून स्क्रीनकडे पाहिलं. पिवळट झाक गेली. डाग गेला. आभाळ एकसारखं, निर्मळ.

“नाना,” मी विचारलं, “तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय ना?”

“हो. हे आजारपण आलं आणि राहूनच गेलं. का गं?”

“पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं. ज्यानं हा डाग घालवला त्याला उजेडातला फरक कळत होता, पिवळेपणा कळत नव्हता. आणि तो तुमच्या खुर्चीच्या उंचीवर बसून बघत होता.”

नानांनी आपला फोन तळहातानं झाकला. एवढंच केलं. पण तेवढ्यानं मला उत्तर मिळालं, आणि ते मिळू नये असं मला किती वाटत होतं ते तेव्हा कळलं.

“दुकान जावईबापूंनीच सांगितलं होतं. फोनमधलं हेही त्यांनीच शिकवलं,” ते हळू म्हणाले. “म्हणाले, डाग दिसला की हे बोटानं सरकवा, दिसेनासा झाला की थांबा.”

“खाली कॅमेरा आहे, माहीत होतं?”

“होतं.”

“नाना!”

“अगं, ते माझ्यापाशी रडले. म्हणाले, नुसतं बघू द्या, बघायला मिळालं तर दारात येणार नाही. मला वाटलं, काचेआडून बघितल्यानं काय होतंय? दारात येण्यापेक्षा बरं. मला एका हातानं काय अडवता येणार होतं त्यांना? असं तरी अडवू, म्हटलं.”

मी वहिनीचा फोन त्यांच्यासमोर धरला आणि एकेक मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. ती सगळं ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बघवलं असतं.

“हे मला कुणी सांगितलं नाही,” नाना पुटपुटले. मग म्हणाले, “सकाळी त्यांनी विचारलं, दादा घरी कधी नसतो. मी सांगितलं. बायकोला शाळेत सोडायला जातो म्हणून.”

“कुठे असतो तो? किती वेळ लागेल त्याला यायला?”

“ते नाही सांगितलं कधी.”

इंटरनेट बंद असतानाही चित्र त्याच्यापर्यंत पोचत होतं. म्हणजे स्क्रीन ते स्वतःच पाठवत होती, आणि असं पाठवलेलं फार लांब जात नाही. मी माझ्या फोनवरून भावाचा नंबर लावला.

घंटी मला दोनदा ऐकू आली. एकदा कानात, आणि एकदा छतातून.

६

वरचं घर दुरुस्तीसाठी रिकामं केलेलं होतं. रिकाम्या घरात कुणाचा तरी फोन वाजत होता. मग तो वाजायचा थांबला आणि माझ्या कानात भावाचा आवाज आला.

“बोल, ताई.”

तो मला लहानपणापासून ताई म्हणायचा. मी स्क्रीनसमोर बसले, त्या बांगडीसमोर. डाव्या हातानं मांडीआड वहिनीच्या फोनवरून इन्स्पेक्टरबाईंना ‘वरच्या मजल्यावर’ एवढं पाठवलं.

“कुठे आहेस?” मी विचारलं.

“तुला दिसतोय की मी. तू बघतेयस ना माझ्याकडे.” तो हसला. “ती कुठाय?”

“आत. चहा ठेवतेय.”

“तिला बाहेर बोलाव. मला बोलायचंय फक्त. तू मधे पडली नसतीस तर इतकं झालंच नसतं.”

“बोलावते. आधी माझ्याशी बोल. आई कशी आहे?”

“ताई, वेळ काढू नकोस.” आवाज एकदम सपाट झाला. तो सपाट आवाज मला माहीत होता. त्यानंतर त्याच्या हाताशी येईल ते तुटायचं. “मी खाली येऊन दार तोडायला मला किती वेळ लागेल?”

इन्स्पेक्टरबाईंचं उत्तर आलं होतं. ‘खाली जिन्याशी पोचतो. तिला बाहेर काढा.’ पण बाहेर काढायचं तर स्क्रीनसमोरून. ती हलली की तो हलणार, आणि जिन्यात पहिला तो तिच्यापर्यंत पोचणार. मी दाराकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, काही सुचेना.

तेवढ्यात नाना मोठ्यानं बोलले. आजारपणानंतर एवढा मोठा आवाज त्यांचा कुणी ऐकला नव्हता.

“जावईबापू! डाग पुन्हा दिसायला लागलाय. थांबा हं, घालवतो.”

आणि त्यांनी फोनवर बोट टोकापर्यंत सरकवलं.

स्क्रीनच्या वरच्या कडेला पांढराशुभ्र गोळा पेटला. त्याच्याकडे बघवेना. काचेखालच्या कॅमेऱ्याच्या तर डोळ्यावरच तो पेटला होता. “काय केलं? काही दिसत नाही! ताई?” भाऊ कानात ओरडला. वहिनी चपला हातात घेऊन दिवाणखान्यातून धावत गेली. कडी आणि साखळी मी काढली, वहिनी बाहेर पडली आणि मी दोन्ही पुन्हा लावल्या. तिची पावलं अनवाणी होती, वाजली नाहीत.

वर मात्र वाजली. धाडधाड जिना उतरून ती पावलं आमच्या दाराशी आली. पहिल्या धक्क्याला कडी वाकली. दुसऱ्याला चौकटीची माती पडली. मी पाठ दाराला लावून उभी होते आणि प्रत्येक धक्का मला कण्यात बसत होता. नाना खुर्ची रेटत माझ्याकडे येत होते, एका हातानं, त्यामुळे ती खुर्ची सारखी गोल फिरत होती आणि ते ती पुन्हा सरळ करत होते.

मग खालून बुटांचे आवाज आले, आरडाओरडा झाला, आणि धक्के थांबले. तरी मी दारापासून हलले नाही. इन्स्पेक्टरबाईंनी नाव घेऊन हाक मारली तेव्हाही लगेच विश्वास बसला नाही. मी वहिनीला बोलायला लावलं, मगच कडी काढली.

७

वरच्या घरात एक गादी, एक छोटी स्क्रीन आणि दोराचं एक वेटोळं सापडलं. दोर कशासाठी होता ते त्यानं कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

वहिनी माझ्याकडे राहायला आली. नाना रोज फोन करत, ती उचलत नसे. मीच उचलायचे. “जेवली का?” एवढं विचारून ते ठेवून देत. दादा एकदा येऊन मला फळांची पिशवी देऊन गेला.

सोमवारची साक्ष पुढे गेली आणि खटला मोठा झाला. त्यात मलाही उभं राहावं लागलं. आईनं आदल्या दिवशी फोन करून, सख्ख्या भावावर उलटू नकोस, म्हणून हंबरडा फोडला होता. रात्रभर मी जागी होते. पिंजऱ्यात तो माझ्यापासून चार हातांवर होता आणि हसत होता. मी दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

त्याचा वकील म्हातारा आणि गोडबोल्या होता.

“आरोपी तुमचे कोण?”

“भाऊ.”

“आणि फिर्यादी? त्यांचा तुमचा संबंध काय?”

“ती माझी वहिनी.”

“बाई, मागच्या महिन्यात घटस्फोट झालाय,” वकील मिश्कीलपणे म्हणाला. कोर्टात एक-दोघं हसले. “आता कसली वहिनी?”

मी वहिनीकडे पाहिलं. ती पहिल्या बाकावर, हिरवा स्वेटर घालून, नजर खाली न घालता बसली होती.

“घटस्फोट त्यांचा झालाय, साहेब,” मी म्हटलं. “आमचा नाही.”